सर अलेक्झांडर फ्लेमिंग : पेनिसिलिनचा शोध व शोधकाचा इशारा

शंभर वर्षांपूर्वीं पायांत मोडलेला कांटा, बोटास झालेली लहानशी जखम किंवा पाठीवर उठलेलें गळू एवढ्यावरून धडधाकट माणूस थोड्या दिवसांत दगावणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हती. बाळंतिणीस ज्वर आला म्हणजे घरचीं माणसें आशा सोडीत. शस्त्रक्रिया नीट पार पडली तरी मागाहून जखमेंत पू होऊन रोगी मरे, म्हणून इस्पितळाचें नांव काढतांच लोकांस भय वाटे. ह्या भयापासून मनुष्यजातीची पुष्कळ अंशीं सुटका ज्या औषधानें केली तें पेनिसिलिन होय, आणि तें शोधून काढणाऱ्या पुरुषाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ह्या पुरुषाचीं दोन कामें स्मरणांत ठेवण्याजोगीं आहेत. त्यानें औषध शोधिलें, हें बहुतेकांस ठाऊक आहे. तें औषध निष्फळ कसें होईल हेंहि त्यानेंच जगास आगाऊ सांगून ठेविलें, हें थोड्यांस ठाऊक आहे. आणि आजच्या काळीं आपणांस ह्या दुसऱ्या कामाचें महत्त्व अधिक आहे.

बालपण व शिक्षण

अलेक्झांडर फ्लेमिंग ह्याचा जन्म ता. ६ ऑगस्ट १८८१ रोजीं स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यांत, डार्व्हेल गांवाजवळच्या लॉकफील्ड नांवाच्या शेतवाडीवर झाला. बाप ह्यू फ्लेमिंग हा शेतकरी होता. पहिली बायको वारल्यावर त्यानें ग्रेस मॉर्टन नांवाच्या बाईशीं दुसरें लग्न केलें. ह्या लग्नाच्या चार मुलांपैकीं अलेक्झांडर हा तिसरा. तो सात वर्षांचा असतां बाप वारला, आणि शेताचा व मोठ्या कुटुंबाचा भार आईवर व थोरल्या सावत्र भावावर पडला. शाळेस जावयाचें तर मुलांस रानामाळांतून, थंडीपावसांतून पायीं जावें लागे. ह्या जाण्यायेण्यांत पक्ष्यांचीं घरटीं, ओढ्यांतील मासे, झाडेंझुडपें हीं निरखून पाहण्याची त्यास संवय लागली. लहानसहान गोष्ट नजरेंतून निसटूं न देण्याची ही संवय पुढें साऱ्या जगाच्या उपयोगीं पडली.

तेराव्या वर्षाच्या सुमारास तो लंडन शहरीं टॉम नांवाच्या भावाकडे राहावयास गेला. टॉम हा तेथें वैद्यकी करीत असे. कांहीं काळ शाळेंत जाऊन अलेक्झांडरनें एका जहाज कंपनीच्या कचेरींत कारकुनी धरली, व तें काम त्यानें सुमारें चार वर्षें केलें. विसाव्या वर्षीं एका मृत चुलत्याच्या मिळकतींतून त्याच्या वांट्यास अडीचशें पौंड आले. टॉमच्या सल्ल्यावरून त्यानें तो पैसा वैद्यकी शिकण्याकडे लाविला. शिकण्यासाठीं त्यानें सेंट मेरीज हें इस्पितळ निवडिलें, तें एवढ्याच ओळखीवर कीं, तेथील विद्यार्थ्यांबरोबर तो एकदां पाण्यांतील चेंडूचा सामना खेळला होता. त्याच इस्पितळांत त्याचें बहुतेक सारें आयुष्य गेलें.

येथें एक खुलासा करणें जरूर आहे. फ्लेमिंगच्या बापानें बुडत असलेल्या एका श्रीमंताच्या मुलास वांचविलें. तो मुलगा म्हणजे विन्स्टन चर्चिल. त्याच्या कृतज्ञ बापानें फ्लेमिंगच्या शिक्षणाचा खर्च सोसला. आणि पुढें चर्चिल न्युमोनियानें आजारी असतां पेनिसिलिननेंच बरा झाला, अशी एक गोष्ट उपदेशांतून पुष्कळदां सांगण्यांत येते. गोष्ट ऐकावयास गोड आहे. परंतु ती खरी नाहीं. शिक्षणाचा पैसा चुलत्याचा होता. आणि १९४३ सालच्या डिसेंबरांत चर्चिल साहेबांस न्युमोनिया झाला तेव्हां त्यांस सल्फा जातीचें निराळेंच औषध दिलें होतें. ज्याचें खरें चरित्र इतकें बोधप्रद आहे त्यास कल्पित अलंकारांची गरज नाहीं. उपदेशकांनीं ही गोष्ट सोडून द्यावी हें बरें.

जखमी शिपायांमध्यें

१९०६ सालीं वैद्यकीची परीक्षा उतरून डॉ. फ्लेमिंग हे सेंट मेरीज इस्पितळांतच सर आल्मरॉथ राइट ह्यांच्या हाताखालीं काम करूं लागले. विषमज्वरावरील लशीच्या कामाबद्दल राइट साहेब प्रसिद्ध होते, व प्लेगच्या दिवसांत सरकारनें नेमिलेल्या कमिशनाबरोबर ते हिंदुस्थानांतहि येऊन गेले होते.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें. राइट साहेब व त्यांचे मदतनीस ह्यांस फ्रान्स देशांत बुलोन येथें पाठविण्यांत आलें. तेथें डॉ. फ्लेमिंग ह्यांनीं जें पाहिलें तें त्यांच्या मनांतून कधीं गेलें नाहीं. तोफगोळ्यांच्या जखमा खोल व वेड्यावांकड्या असत. आंत माती व मळक्या कपड्यांच्या चिंध्या रुतलेल्या असत. गोळ्यांच्या तडाख्यांतून वांचलेले तरुण शिपाई मागाहून जखमा कुजून मरत. जखमेंत कार्बोलिक ॲसिडासारखीं तीव्र जंतुनाशक द्रव्यें ओतण्याची त्या वेळीं चाल होती. ह्या द्रव्यांनीं खरोखर काय होतें हें पाहण्यासाठीं डॉ. फ्लेमिंग ह्यांनीं एक युक्ति केली. कांचेची नळी तापवून तिला आंतून पोकळ असे कांटे काढिले, म्हणजे ती खोल, फांटे फुटलेल्या जखमेसारखी झाली. तींत जंतु मिसळलेला द्रव भरून, ओतून टाकून, मग जंतुनाशक द्रव्य भरिलें. तेंहि ओतून टाकून पुन्हां स्वच्छ द्रव भरितांच कांट्यांच्या टोंकांशीं दडून राहिलेले जंतु पुन्हां वाढूं लागले! शिवाय रक्तांतील ज्या पांढऱ्या पेशी जंतूंशीं झगडतात त्या मात्र ह्या द्रव्यांनीं आधीं मरत. जें औषध जंतूंस मारील परंतु शरीराच्या शिपायांस मारणार नाहीं असें औषध पाहिजे, ही गोष्ट त्यांच्या मनांत तेथें ठसली.

तेथील दुसरा अनुभव इतकाच महत्त्वाचा आहे, तथापि तो चरित्रांत क्वचितच सांगितला जातो. स्ट्रेप्टोकोकस नांवाचा सांखळीसारखा दिसणारा एक घातक जंतु आहे. पुष्कळ शिपाई इस्पितळांत येतात तेव्हां त्यांच्या जखमांत हा जंतु नसतो, आणि तेथें कांहीं दिवस राहिल्यावर तो सांपडूं लागतो, असें डॉ. फ्लेमिंग व त्यांचे एक सोबती ह्यांस दिसून आलें. अर्थात् हा जंतु रणांगणावरून आलेला नव्हता. तो इस्पितळांतच एका रोग्यापासून दुसऱ्यास लागत होता. त्यांनीं ही गोष्ट १९१९ सालीं छापून प्रसिद्ध केली. जेथें माणसें बरीं होण्यास जातात तेथेंच रोग एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातो, हें कटु सत्य आहे. वाचकांनीं तें ध्यानांत ठेवावें; पुढें त्याचें काम पडणार आहे.

बशींतील बुरशी

युद्ध संपल्यावर डॉ. फ्लेमिंग पुन्हां आपल्या प्रयोगशाळेंत आले. १९२१ सालीं त्यांस स्वतःस पडसें झालें असतां त्यांनीं आपल्या नाकांतील शेंबूड जंतूंच्या बशींत घालून पाहिला, तों त्याच्या सभोंवतीं कांहीं जंतु विरघळून गेलेले दिसले. हा गुण अश्रूंत व अंड्याच्या पांढऱ्या बलकांतहि आहे असें त्यांस आढळलें. ह्या द्रव्यास लायसोझाइम असें नांव दिलें. दुर्दैवानें घातक रोगजंतूंवर त्याचा फारसा परिणाम होत नसे. पण काय शोधावयाचें हें आतां त्यांस कळलें होतें.

डॉ. फ्लेमिंग ह्यांचें मेज अव्यवस्थित म्हणून इस्पितळांत प्रसिद्ध होतें. जंतु वाढविलेल्या जुन्या बशा ते लागलींच धुवून टाकीत नसत. कांहीं दिवस राहूं देऊन मग एकेक पाहून टाकीत. १९२८ सालच्या उन्हाळ्यांत ते सुटीवर गेले, ते ता. ३ सप्टेंबर रोजीं परत आले. मेजावर स्टॅफिलोकोकस जंतूंच्या बशा पडून होत्या. हा जंतु गळवें, करटें व जखमांतील पू ह्यांचें कारण असून पाहावयास द्राक्षांच्या घडासारखा दिसतो. एका बशींत शिळ्या पावावर येते तशी बुरशी आलेली होती. ह्यांत नवल कांहींच नव्हतें; अशी खराब झालेली बशी दुसऱ्या कोणींहि फेंकून दिली असती. परंतु लहानपणीं रानांत निरखून पाहावयास शिकलेल्या त्या डोळ्यांस दिसलें कीं, बुरशीपासून दूर असलेले जंतु ताजे आहेत, आणि तिच्या जवळचे विरघळून गेले आहेत.

त्यांनीं ती बुरशी निराळी वाढविली. तिच्या रसांत आठशें पट पाणी घातलें तरीहि त्या जंतूंची वाढ थांबे. आणि रक्तांतील पांढऱ्या पेशींस मात्र त्यापासून इजा होत नसे. बुलोन येथें ज्याची उणीव भासली होती तेंच हें औषध! ह्या बुरशीच्या पेनिसिलियम ह्या नांवावरून त्यांनीं रसास पेनिसिलिन म्हटलें, व १९२९ सालीं ही हकीकत छापून काढिली. त्या पहिल्या लेखांतच त्यांनीं एक गोष्ट प्रामाणिकपणें नमूद केली होती कीं, हें औषध सर्वच जंतूंवर चालत नाहीं. कांहीं जातींचे जंतु त्याची मुळींच पर्वा करीत नाहींत.

ऑक्सफर्ड येथील कार्य

परंतु हा रस फार नाजूक होता. तो शुद्ध करूं जातां त्याचा गुण नाहींसा होई. डॉ. फ्लेमिंग व त्यांचे मदतनीस ह्यांस तें साधलें नाहीं, व सुमारें दहा वर्षें शोध तसाच पडून राहिला. मग ऑक्सफर्ड येथें हॉवर्ड फ्लोरी हे ऑस्ट्रेलियांत जन्मलेले शास्त्रज्ञ, जर्मनींतून परागंदा होऊन आलेले अर्न्स्ट चेन हे यहूदी रसायनशास्त्रज्ञ आणि नॉर्मन हीटली हे कल्पक मदतनीस ह्यांनीं तें काम हातीं घेतलें. ता. २५ मे १९४० रोजीं त्यांनीं आठ उंदरांस घातक जंतु टोंचिले, व त्यांपैकीं चारांस पेनिसिलिन दिलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं औषध न दिलेले चारहि उंदीर मेलेले होते, आणि औषध दिलेले चारहि जिवंत होते.

१९४१ सालच्या फेब्रुवारींत एका पोलिस शिपायास हें औषध दिलें गेलें. त्याचें तोंड व डोळे पुवानें भरले होते, व तो मरणाच्या दारीं होता. औषध सुरू होतांच त्याचा ताप उतरला, तो जेवूं लागला. परंतु औषध इतकें थोडें होतें कीं, त्याच्या लघवींतून तें पुन्हां काढून त्यासच देण्यांत येई. अखेरीस तें संपलें. रोग उलटला, आणि मार्च महिन्यांत तो बिचारा मरण पावला. औषध गुणकारी असलें तरी अपुरें पडलें म्हणजे काय होतें, ह्याची ही पहिली करुण साक्ष होय.

पुढें अमेरिकेच्या मदतीनें मोठमोठ्या पिंपांतून पेनिसिलिन काढण्यांत येऊं लागलें, आणि १९४४ सालच्या जून महिन्यांत दोस्तांचीं सैन्यें फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलीं तेव्हां जखमी शिपायांस तें भरपूर मिळालें. ज्या देशांत डॉ. फ्लेमिंग ह्यांनीं तरुण शिपाई कुजून मरतांना पाहिले होते, त्याच देशांत तीस वर्षांनीं त्यांच्या औषधानें असंख्य शिपाई वांचले.

१९४४ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली, व १९४५ सालीं फ्लोरी, चेन व ते अशा तिघांस मिळून वैद्यकशास्त्राचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. वर्तमानपत्रांनीं एकट्या फ्लेमिंग साहेबांचीच फार स्तुति केली. ते स्वतः मितभाषी व साधे गृहस्थ होते. शोधावर हक्क सांगून त्यांनीं पैसा मिळविला नाहीं.

शोधकाचा इशारा

ता. ११ डिसेंबर १९४५ रोजीं स्टॉकहोम शहरीं नोबेल पारितोषिकानिमित्त त्यांचें व्याख्यान झालें. सारें जग पेनिसिलिनचें गुणगान करीत होतें, व आणखी थोडें गुणगान केलें असतें तर श्रोते संतुष्ट झाले असते. परंतु त्यांनीं शेवटीं एक भयसूचक गोष्ट सांगितली. जंतु मरणार नाहींत इतक्या थोड्या पेनिसिलिनमध्यें त्यांस ठेविलें तर ते त्या औषधास दाद देईनासे होतात, हें प्रयोगशाळेंत सहज करून दाखवितां येतें. माणसाच्या शरीरांतहि असें घडल्याचीं उदाहरणें आहेत, असें त्यांनीं सांगितलें. आज औषध दुर्मिळ आहे. उद्यां तें दुकानांत कोणासहि विकत मिळेल, आणि अजाण मनुष्य थोडें थोडें घेऊन जंतूंस निर्ढावून सोडील, अशी भीति त्यांनीं व्यक्त केली.

मग त्यांनीं एक कल्पित दृष्टांत दिला. कोणी एका गृहस्थाचा घसा दुखूं लागतो. तो दुकानांतून पेनिसिलिन आणून मनास येईल तसें घेतो. त्यानें जंतु मरत नाहींत. उलट औषधास तोंड द्यावयास शिकतात. ते शिकलेले जंतु त्याच्या बायकोस लागतात. तिला न्युमोनिया होतो. डॉक्टर पेनिसिलिन देतात, तें लागू पडत नाहीं, व ती मरते. तिच्या मरणाचा दोष कोणाचा? ज्याच्या बेपर्वाईनें जंतूंचा स्वभाव पालटला त्या नवऱ्याचा, असें त्या दृष्टांताचें तात्पर्य होतें. चूक एकानें केली, आणि जिनें कांहींच चूक केली नव्हती ती मेली, हेंच ह्या दृष्टांतांतील मर्म होय.

ह्या दृष्टांतांत त्यांनीं स्ट्रेप्टोकोकसाचें नांव घेतलें होतें. घसा दुखविणाऱ्या त्या जातीनें आजपर्यंत पेनिसिलिनपुढें मानच तुकविली आहे. परंतु ज्या दुसऱ्या जंतूच्या बशींत हा शोध लागला, त्या स्टॅफिलोकोकसानें मात्र फ्लेमिंग साहेबांच्या हयातींतच त्यांचा इशारा खरा करून दाखविला.

इशारा खरा ठरला

लंडन येथील हॅमरस्मिथ इस्पितळांत मेरी बार्बर नांवाच्या जंतुशास्त्रज्ञ बाई होत्या. त्यांनीं रोग्यांच्या जखमांतील स्टॅफिलोकोकस जंतु तपासून पाहिले. १९४६ सालच्या सुमारास पेनिसिलिनला दाद न देणारे जंतु शेंकडा सुमारें १४ होते. १९४७ सालीं ते शेंकडा ३८ झाले, आणि १९४८ सालीं शेंकडा ५९. अवघ्या दोन वर्षांत ते चौपट झाले!

हें कसें घडलें? असंख्य जंतूंमध्यें कांहीं थोडे आधींपासूनच पेनिसिलिनचा नाश करणारें द्रव्य तयार करणारे असतात. असें द्रव्य आहे हें ऑक्सफर्ड येथील शास्त्रज्ञांनीं १९४० सालींच ओळखलें होतें. धान्य चाळणींत घातलें म्हणजे बारीक दाणे गळून जातात व जाड दाणे वर राहतात. त्याप्रमाणें औषधाच्या चाळणींतून दुबळे जंतु गळून गेले व निबर तेवढे उरले. आतां त्यांस मोकळें रान मिळालें. जंतु अर्ध्या तासांत एकाचे दोन होतात. तेव्हां थोड्या दिवसांत त्यांची किती वाढ होत असेल ह्याची कल्पना करावी. शिवाय शेजारी शेजाऱ्यास बियाणें देतो तसा एक जंतु आपला हा गुण दुसऱ्या जंतूस देऊं शकतो, असेंहि पुढें दिसून आलें. बुलोनच्या इस्पितळांत जें घडत होतें तेंच येथेंहि घडलें : हे निबर जंतु हातांवरून, कपड्यांवरून, उपकरणांवरून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर गेले. औषधानें त्यांची निवड केली, आणि माणसांच्या हातांनीं त्यांचा प्रसार केला.

परंतु बार्बर बाई हताश झाल्या नाहींत. पुढें १९५७ सालच्या सुमारास त्यांच्या आग्रहावरून त्या इस्पितळांत पेनिसिलिन जपून वापरण्याचा नियम झाला, व जंतूंचा फैलाव होऊं नये म्हणून दक्षता घेण्यांत आली. तेव्हां निबर जंतूंचें प्रमाण पुन्हां उतरूं लागलें, असें त्यांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केलें. बिघडलेली गोष्ट संयमानें कांहीं अंशीं सुधारतां येते, हा त्यांतील आशेचा भाग आहे.

हें पाहण्यास फ्लेमिंग साहेब राहिले नव्हते. ता. ११ मार्च १९५५ रोजीं लंडन येथें राहत्या घरीं हृदयविकारानें त्यांचें देहावसान झालें, व सेंट पॉल्सच्या विशाल मंदिरांत त्यांची रक्षा ठेवण्यांत आली. त्याच वर्षीं आपल्या पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ह्या सरकारी कारखान्यांत पेनिसिलिन निघूं लागलें. स्कॉटलंडच्या शेतकऱ्याच्या मुलानें बशींत पाहिलेली बुरशी महाराष्ट्राच्या भूमीवर पिंपांतून वाढूं लागली, व तिचा लाभ आपल्या खेड्यापाड्यांस झाला.

आजची स्थिति

पेनिसिलिनमागून अशीं पुष्कळ औषधें निघालीं. त्यांस अँटिबायोटिक म्हणतात. प्रत्येक नव्या औषधामागून त्यास न जुमानणारे जंतुहि आले. पेनिसिलिनला निबर झालेल्या स्टॅफिलोकोकसासाठीं १९५९ सालीं मेथिसिलिन नांवाचें औषध निघालें, आणि १९६१ सालीं त्यासहि न भिणारा जंतु इंग्लंडांत सांपडला. तोच पुढें देशोदेशींच्या इस्पितळांत पसरला. २००८ सालीं दिल्लींतील इस्पितळांत राहून स्वीडन देशीं परतलेल्या एका रोग्याच्या शरीरांत अत्यंत प्रबळ औषधांसहि निष्फळ करणारें द्रव्य तयार करणारा जंतु आढळला, व त्या द्रव्याच्या नांवांत आपल्या राजधानीचें नांव गोंवलें गेलें. २०१९ ह्या एका सालांत औषधांस दाद न देणाऱ्या जंतूंमुळें जगांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें दगावलीं असा अंदाज शास्त्रज्ञांनीं केला आहे. त्यांत तान्हीं मुलें आहेत, बाळंतिणी आहेत, शस्त्रक्रियेसाठीं इस्पितळांत गेलेले रोगी आहेत. ज्या भयानें हा लेख सुरू केला तें भय पुन्हां दाराशीं येऊन उभें राहिलें आहे.

ह्या चरित्रापासून घ्यावयाचा बोध

पहिला बोध. साधें पडसें, खोकला व अंगदुखीचा ताप हीं दुखणीं बहुधा विषाणूंमुळें होतात, व त्या विषाणूंवर अँटिबायोटिक मुळींच चालत नाहीं. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर जलद गुण येणारें औषध द्या असा हट्ट धरूं नये. डॉक्टरांनीं अशा औषधाची जरूर नाहीं म्हटलें तर त्यांनीं आपली हयगय केली असें समजूं नये.

दुसरा बोध. ज्या औषधाच्या पट्टीवर उभी तांबडी रेघ असते तें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून घेऊं नये. लोकांस ही खूण कळावी म्हणून सरकारनें २०१६ सालीं मोहीम काढिली होती. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांसहि तांबडी रेघ दिसते. ती त्यांस दाखवून द्यावी. दुकानदारास तापाचें सांगून चार गोळ्या आणणें, शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेणें, किंवा गेल्या वर्षींच्या शिल्लक गोळ्या मुलास देणें, हें त्या दृष्टांतांतील गृहस्थासारखेंच वर्तन आहे.

तिसरा बोध. डॉक्टर जितकी मात्रा व जितके दिवस सांगतील तितकेंच घ्यावें. कमीहि नको व जास्तहि नको. क्षयरोग्यांनीं तर विशेष जपावें. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगांत शक्ति आली, म्हणून पुष्कळ जण औषध सोडितात. मग रोग उलटतो तेव्हां तो पहिल्या औषधांस दाद देत नाहीं, आणि घरच्या मुलाबाळांसहि तोच निबर रोग लागतो. औषध सोडावेंसें वाटलें तर आधीं दवाखान्यांत जाऊन विचारावें.

चवथा बोध उपदेशकांसाठीं व दुखणेकऱ्यांस भेटावयास जाणाऱ्या सर्वांसाठीं आहे. आजाऱ्यांचा समाचार घेणें हें आपलें कर्तव्य आहे. परंतु तें करितांना आपल्याच हातांनीं एका खाटेवरचा रोग दुसऱ्या खाटेवर नेऊं नये. इस्पितळांत आंत जातांना व बाहेर येतांना साबणानें हात धुवावे. एका रोग्याचा हात हातीं घेतला तर दुसऱ्याकडे जाण्यापूर्वीं पुन्हां धुवावे. खाटेवर बसूं नये; कोणाच्या जखमेस, पट्टीस किंवा नळीस हात लावूं नये. आपल्या अंगावर गळू असेल, अथवा आपणांस खोकला असेल, तर त्या दिवशीं जाऊं नये. सारें घर घेऊन भेटीस जाण्याची आपल्याकडे रीत आहे. तींत प्रेम आहे हें खरें. पण नुकत्या जन्मलेल्या बाळाजवळ व शस्त्रक्रिया झालेल्या माणसाजवळ एकानें जावें व बाकीच्यांनीं बाहेर थांबावें, ह्यांतहि प्रेमच आहे.

विहिरीचें पाणी साऱ्या गांवाचें असतें. एकानें तें घाण केलें तर त्याचा त्रास शेवटच्या घरापर्यंत पोहोंचतो, आणि प्रत्येकानें जपलें तर तें सर्वांस पुरतें. जंतूंस मारणाऱ्या औषधांचेंहि तसेंच आहे. सर अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांनीं ही विहीर शोधून काढिली, आणि ती कशी नासेल हेंहि सांगून ठेविलें. पुढच्या बाळंतिणीस, पुढच्या तान्ह्या मुलास तें पाणी मिळावें कीं न मिळावें, हें कांहीं अंशीं प्रत्येक घरांतील गोळ्यांच्या डब्याशीं व प्रत्येकाच्या धुतलेल्या किंवा न धुतलेल्या हातांशीं येऊन ठेपलें आहे.